शंभर वॉटचा गारवा

१२ एप्रिल १९८४
कूलर बनवणाऱ्यांच्या संघटनेने मानक समिती नेमली. कूलरने वीज किती खावी, ते ठरवायचे. मसुदा माझ्याकडे. दुसऱ्या कोणी हातच वर केला नाही, म्हणजे माझ्या ज्ञानाचा मान ठेवला. अध्यक्ष गोपाळराव म्हणाले, दीडशे वॉट ठेवू. मी शंभर ठरवले. शेजारच्या ओमप्रकाशचा कूलर ट्रकसारखा घरघरतो. तो पहिल्याच फटक्यात बाद.

१५ एप्रिल
नमुना घरीच बसवला, बाबांच्या खाटेसमोर. मोटर लहान, वाळ्याच्या ताट्या पातळ. जुना कूलर विकून टाकला. घरात असला की तुलना होत बसते.

१९ एप्रिल
बायको, कौसल्या, म्हणते, बाबांपर्यंत वारा पोहोचत नाही. तपासले. वारा निघतो, खाटेच्या अलीकडे थांबतो. कूलरचा दोष नाही, खाट लांब आहे. मानकात दुरुस्ती: वारा चार हातांऐवजी दोन हातांवर जाणवावा. खाट सरकवली.

२६ एप्रिल
ऊन वाढले. दोन हातही जास्त होतात. दुसरी दुरुस्ती: ‘वारा जाणवावा’ काढून ‘वारा असावा’.

२ मे, सकाळ
बाबा सत्तरीचे. तरी मी ऑफिसला निघायच्या आत स्वतः बादल्या वाहून कूलर भरतात. एका शब्दाने तक्रार नाही. कौसल्येला म्हटले, शिक त्यांच्याकडून. ती तोंडाला पदर लावून आत गेली.

८ मे
मीटर पाहिला. डोळ्यांवर विश्वास बसेना. युनिट इतके कमी, की शंभर वॉटही उधळपट्टी वाटू लागली. तिसरी दुरुस्ती: ऐंशी. शिवाय दारातला मोगरा या उन्हातही भरभरून फुलला आहे. कूलरचा गारवा बाहेरपर्यंत जातो, दुसरे काय! परिशिष्ट जोडावे.

१३ मे, रविवार
दिवसभर सगळे घामाघूम. बाबा पंधरा वेळा दाराशी जाऊन आले. सुट्टीच्या दिवशी मीही घरात असतो, एक माणूस जास्त पडतो. मानकात रविवार वगळावा काय? चैन पडत नाही. शुक्रवारी गोपाळराव नमुना बघायला येणार. मंजुरी मिळालीच पाहिजे.

१८ मे
भर दुपारी गोपाळरावांना घरी आणले. दार नुसते लोटलेले, घरात कोणी नाही. कूलर बंद. टाकी काठोकाठ, ताट्या ठणठणीत कोरड्या. गोपाळराव घाम पुसत राहिले. शेजारून ती घरघर येत होती.

ओमप्रकाशकडे गेलो. कौसल्या तांदूळ निवडत बसलेली. बाबा चादर पांघरून घोरत होते. उठले तेव्हा पाठ दिसली, घामोळ्यांनी भरलेली. घरात मला ती कधी दिसली नव्हती. फार वाईट वाटले.

बाबा म्हणाले, “राग नको मानू गा. तू येवढा जीव लावून करून राहिला, तुले सांगाव कसं? तू गेला का बटन बंद करून इकडे येतो. अन् पानी वाया नाही जाऊ देत, संध्याकाळी मोगऱ्याले टाकतो.”

गोपाळराव तोवर त्या कूलरसमोर बसले होते. ओमप्रकाशला मोटर किती वॉटची म्हणून विचारत होते. चहा झाला तरी उठेनात. समितीची पुढची बैठक तिथेच ठरली.

१९ मे, दुपार
अर्ध्या दिवसाची रजा. हे ओमप्रकाशकडे बसून लिहितो आहे. फक्त आवाज मोजायला आलो होतो. आडवे पडून नीट मोजता येतो. बाबांनी चादरीचे टोक माझ्या पायांवर टाकले.