शेकायची जागा

प्रिय धाकटे,

बाळाला बघायला घरी येणाऱ्या नर्सबाईंनी दुपट्यांच्या घडीत ठेवलेलं हे पत्र वाचलंस की फाडून टाक. आधी बाळंतपणानंतरच्या कळांचं सांगते, कारण परवा तू माझ्यासमोर ओठ चावत बसली होतीस आणि मला ते बघवलं नाही. दुसऱ्या खेपेला कळा जास्तच येतात. गर्भाशय आकसून जागेवर येत असतं, त्यात बाळाला पाजायला घेतलं की जीव पिळवटतो. माझ्या धाकट्याच्या वेळी मी पलंगाची दांडी धरून आईला, नवऱ्याला आणि डॉक्टरला एका दमात शिव्या घातल्या होत्या. लघवी तुंबवू नकोस, पाजायच्या आधी जाऊन ये. पोटाखाली उशी घेऊन पालथी पड, बेंबीच्या खाली शेक घे आणि दिलेली गोळी चुकवू नकोस. सोसलं म्हणून कुणी बक्षीस देत नाही. रक्त एकदम वाढलं किंवा ताप आला तर मात्र तडक दवाखाना गाठायचा.

परवा तुझ्या नवऱ्याने मला खुर्ची दिली, चहा दिला, गरम पाण्याची पिशवी स्वतः भरून आणली. असा जावई दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही, असं आई म्हणते. क्षणभर मलाही पटलं. "दुसऱ्या खेपेला कळा फार येतात, ताई," असं म्हणत त्याने ती पिशवी थेट तुझ्या डाव्या बरगडीखाली ठेवली. कुठे दुखतंय हे तुला विचारलंही नाही. पिशवी टेकताच तू किंचाळलीस, आणि तुझी मोठी लेक कान झाकून भिंतीला चिकटली. बाळ तर तेव्हा पाळण्यात झोपलं होतं. अगं, कळा बेंबीखाली येतात. बरगडीखाली लाथ लागते. आणि ती नेमकी कुठे लागली हे तू न सांगता ठाऊक असणारा माणूस एकच असतो.

बर्फाच्या कारखान्यात मी उगाच हाडं झिजवलेली नाहीत. लादी घसरून अंगावर आली की कातडीचा रंग कसा बदलतो ते मला पाठ आहे. ताज्या माराला शेक दिला तर सूज वाढते, तिथे फडक्यात गुंडाळलेला बर्फ लावायचा. एवढंही त्या शहाण्याला कळत नाही.

काल तो कारखान्यात आला. मी तुझ्याकडे फार रोखून बघते म्हणे. आधी गोड बोलला, मग लाद्यांच्या खोलीत गळा धरून माझं डोकं भिंतीवर आपटलं. पुन्हा आपटलं. डोळ्यांत रक्त उतरलं. हीसुद्धा बहिणीसारखी गप्प बसेल असं त्याला वाटलं असणार. माझ्या हातात लाद्या ओढायचा आकडा होता. त्याने दुसरा हात शेजारच्या फळीवर टेकला होता, तो मी तिथेच ठोकला, तळव्यातून आरपार. मला वाईट वाटलं नाही, खोटं कशाला बोलू. तो केकाटत होता आणि मी त्याचा उरलेला हात कुठे आहे ते बघत होते.

हात यंत्रात अडकला असं त्याने घरी कळवलंय, हे नर्सबाईंकडून कळलं. कारणं दोघांनाही छान सुचतात तुम्हाला. पोलिसांत मी माझं सगळं सांगून आले, आकड्यासकट. तुझं तुलाच सांगावं लागेल. तो अजून दवाखान्यात आहे, उद्या संध्याकाळी सुटेल, आणि घरी आला की राग कुणावर काढेल हे मी लिहायला नको. तुझा फोन सासूकडे, मला ती दारात उभी करणार नाही, म्हणून हे पत्र. उद्या दुपारी नर्सबाई बाळाचं वजन करायला न्यायचं म्हणतील. बाळाला उचल, मोठीचा हात धर, बाकी काही घेऊ नकोस. कोपऱ्यावर बर्फाची गाडी असेल आणि शेजारी डोक्याला पट्टी बांधलेली बाई, ती मीच. गाडीत बाळाला पाज, कळ आली तर हवी तेवढी ओरड. गरम पाण्याची पिशवी घेतली आहे आणि फडक्यात बांधलेला बर्फही. कुठलं कुठे ठेवायचं ते मी तुलाच विचारेन.

तुझी वाट बघणारी, तुझीच
ताई