रविवारचे हात

धुळे,
मंगळवार, ७ नोव्हेंबर १९९५

प्रिय भटू,

पत्र घरी न टाकता दुकानाच्या पत्त्यावर टाकलं म्हणून घाबरू नकोस, सगळे सुखरूप आहेत. फोनच करणार होते, पण फोन यांच्या खाटेपाशी आणि यांचे कान अजून तिखट. आत्ता हे मागच्या अंगणात पाण्याची मोटर खोलून बसलेत. स्क्रू फरशीवर पडला की मला इथे ऐकू येतो. मग हे तो शोधतात, आणि तेवढ्यात मी दोन ओळी लिहून घेते. अक्षर वेडंवाकडं आलं तर हसू नकोस, तुझंही काही मोत्यासारखं नाही.

तू तुझ्या भाऊजींना फक्त रविवारी बघतोस. सकाळच्या एसटीने जळगावहून येतोस, गोंदूरच्या धावपट्टीवर रिमोटची विमानं उडवून होतात, माझ्या हातचं जेवतोस आणि संध्याकाळच्या गाडीने परत जातोस. बाकीचे दिवस मी एकटी बघते, आणि ते तुला सांगायलाच हवेत. दसऱ्यापासून यांनी गोळ्या बंद केल्या आहेत. नाशिकच्या डॉक्टरांनी तुझ्यासमोरच बजावलं होतं ना, कंपवाताच्या गोळ्या जन्मभर घ्यायच्या, मनाने सोडायच्या नाहीत म्हणून? आता म्हणे मळमळतं, आणि गरज काय. गरज काय! सदऱ्याची बटणं मी लावते. चहाचा पेला अर्धाच भरते, तरी निम्मा धोतरावर. दाढी करताना हनुवटी कापून घेतात आणि ब्लेडच्या कंपनीला शिव्या घालतात. मी तोंड उघडलं की यांचं उत्तर तयार असतं, रविवारी बघितलंस ना, माझे हात घरात थरथरतात, आकाशाखाली नाहीत.

त्यात शैला बाळंतपणाला येते आहे. चोपड्याहून शनिवारी निघेल, रुपालीही सोबत. दिवाळीची सुट्टी संपून सोमवारी शाळा उघडते, तेव्हा रुपालीला इथल्याच बालवाडीत घालायचं ठरलं आहे. आणि तिला एम-८० वर पुढे उभी करून रोज सोडायला आणायला आजोबा जाणार, असं यांनी परवा रात्री जेवताना जाहीर केलं. भाऊबीजेनंतरच्या रविवारी शैलाने यांना धावपट्टीवर बघितलं होतं, ती तर हरखून गेली आहे की बाबा बरे झाले. आठवा महिना चालू असलेल्या पोरीला मी काय सांगू? गेल्या गुरुवारी हेच बाबा एम-८० घेऊन भाजीला गेले आणि पांझरेच्या पुलाजवळ हात ॲक्सिलरेटरवरून सुटेचना. केळीच्या हातगाडीवर जाऊन आदळले. गुडघा सोलला, दुसरं काही नाही. घरी येऊन हातगाडीवाल्यालाच दोष देत होते. त्या वेळी पुढे पोर उभी असती तर? माझ्या डोळ्यांसमोरून ते हलत नाही रे.

तुला आठवतं, आयटीआयमध्ये शिकवत असतानाच यांनी विमानांचा क्लब काढला तेव्हा मी किती कावले होते? पहिल्या विमानाचे पंख माझ्या ओट्यावर चिकटवले, भाकरीला विमानाच्या इंधनातल्या एरंडेलाचा वास. दोरीवरचे चिमटे एकेक करून गायब व्हायला लागले, आणि मी शेजारच्या झुंबरबाईंवर संशय घेतला. नंतर कळलं, चिमटे क्लबात. एका लहरीवर दोन रिमोट चालू झाले तर विमानं पडतात, म्हणून चिमटा ज्याच्या कॉलरला त्यानेच बटण दाबायचं, असा यांचा कायदा. पुढे मीही चटई घेऊन जायला लागले आणि ऐकून ऐकून मलाच सगळं पाठ झालं. विमान आपल्याकडे तोंड करून आलं की डावं-उजवं उलटं होतं, तेव्हा जो पंख खाली झुकलाय त्याच बाजूला रिमोटची कांडी ढकलायची, पंखाला खालून टेकू दिल्यासारखी. उतरताना वारा विमानाच्या तोंडावर घ्यायचा. सूर्याकडे न्यायचं नाही. घाबरलास तर बोटं काढून घे, विमान तुझ्यापेक्षा शहाणं आहे, हे तर तुला किती वेळा ऐकवलं असेल! शिकवायची खोड अशी की स्वतः उडवतानाही प्रत्येक हालचाल आधी मोठ्याने बोलणार. डावीकडे. सोड. नाक वर. आता हळू.

त्या खोडीवरच आपण सगळं उभं केलं. संक्रांतीनंतर यांच्या बोटांना झटका आला आणि पिवळं विमान नाकावर आपटून चुरा झालं, तेव्हा यांनी जे भिंतीकडे तोंड केलं ते केलं. होळी गेली, पाडवा गेला, माणूस जेवायलाही उठेना. आखाजीच्या सणाला मी माहेरी आले तेव्हा माझं एवढंसं तोंड बघून तू मला दुकानात नेलंस, रिमोटचं मागचं झाकण उघडलंस आणि नखाएवढा क्रिस्टल काढून माझ्या तळहातावर ठेवलास. हा नसला की रिमोट मुका, म्हणालास. मग दुसऱ्या रिमोटात घातला की विमान त्याचं ऐकतं. तेव्हापासून दर रविवारी बॅटरी बघतो म्हणून तू यांचा रिमोट घेतोस, क्रिस्टल काढून आपल्या रिमोटात घालतोस आणि क्लबातल्या तोतारामभाऊंच्या मेटॅडोर गाडीच्या आड उभा राहतोस. हे मुका रिमोट धरून बोलत राहतात, तू यांच्या आवाजावर विमान उडवतोस. सबंध क्लबाला ठाऊक, पण कोणी ब्र काढत नाही. पहिल्या रविवारी घरी येऊन यांनी स्वतःहून वाढून घेतलं, तेव्हा मी स्वयंपाकघरात तोंडात पदर कोंबून रडले. तुझे उपकार मी या जन्मात विसरणार नाही, हे आधी लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून तुला राग येईल.

परवा तू फारच सुंदर उडवलंस, भटू. यांनी गिरकी म्हटलं आणि ते निळं विमान आभाळात असं वळलं की माझेही हात जोडले गेले. तोतारामभाऊ मायेचा माणूस, ओरडले, "सर, तुमना हात ते आते बठ्ठा बरा शे!" हात पार बरा झाला, ऐकून हे मागे वळून हसले. लग्नात घोड्यावर बसताना हसले होते तसे. मी पण हसले. त्याच रात्री रुपालीचा विषय निघाला. आपण यांना खूश ठेवायला निघालो होतो, यांनी तर स्वतःला बरं ठरवूनच टाकलं.

मी काय काय केलं नाही? एम-८० ची किल्ली पिठाच्या डब्यात लपवली, हे देवपुरातून दुसरी करून आले. गोळी ताकात विरघळवली, एका घोटात ओळखलं आणि दोन दिवस माझ्याशी अबोला. रुपालीला मी चालत नेईन म्हटलं, तर म्हणाले, तुझे गुडघे गेलेत, माझे हात नाहीत. खरं सांगून टाकायचं म्हणून कालपासून समोर जाऊन बसते. हे डोकं वर करून विचारतात, काय गं? आणि मी म्हणते, काही नाही, भाजी काय करू. एवढ्या वर्षांच्या संसारात या माणसाला मी कशालाच घाबरले नाही, आता यांच्या आनंदाला घाबरते.

विमान तूच पाड, असं आधी लिहिणार होते. पण मग ते पाडणंही आपलंच खोटं होईल. म्हणून एवढंच मागते: या रविवारी यांचा रिमोट उघडू नकोस. क्रिस्टल असेल तिथे राहू दे. तोतारामभाऊंना सांगून पोरंटोरं लांब बसव, आणि यांचं विमान यांनाच उडवू दे. तुम्ही दोघांनी पावसाळाभर खपून केलेलं ते निळं विमान पडेल, मला माहीत आहे. कदाचित यांचं आयुष्यातलं शेवटचं उडवणं असेल. पण ते यांचं असेल, आणि सोमवारी ही एम-८० दारातून हलणार नाही. नाही म्हणू नकोस, भटू. आणि त्या दिवशी मेटॅडोरच्या आड थांबू नकोस, यांच्या शेजारी उभा राहा. विमान पडल्यावर हे आधी आपल्या हातांकडे बघतील आणि मग माझ्याकडे. त्या वेळी यांच्याजवळ मला एकटीला उभं राहवणार नाही.

तुझीच,
अक्का