नळाच्या तीन याद्या

पांडेसरा, सुरत
ता. २३ जून १९९६, रविवार

सौ. शांताबाई विहीणबाईंना उषाबाईचा नमस्कार. तुम्ही माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठ्या, म्हणून वाकून करते (मोठ्याच आहात, केसांना कितीही काळं लावलं तरी). तुमचा गुडघा कसा आहे? व्याहीबुवांचा खोकला गेला का? आणि तुमचं घोरणं कसं आहे? बारशाला आले होते तेव्हा मला वाटलं कुणीतरी दारात ट्रॅक्टर चालू ठेवून गेलंय. धनश्रीला आणि आमच्या सोनालीला खूप आशीर्वाद. (तुमची पण आहे. असू द्या.)

तुमचं पत्र मिळालं. तुम्ही लिहिलं की नळाचं काहीतरी ठिकाणावर येत नाही तोवर मी लेकीला आणि नातीला सुरतेला पाठवणार नाही, चार महिन्यांच्या लेकराची दुपटी काय ओढणीच्या वाऱ्यानं धुवायची का. बरोबर आहे तुमचं. मी रागावले नाही. पोरगी आता पालथी पडते असंही लिहिलंत, ते मात्र लिहायला नको होतं. मी तिला बारशाला दोन दिवस पाहिली तेवढीच, तेव्हा ती नुसती झोपायची आणि मूठ चोखायची. इकडे योगराज मिलमधून आला की तुमचं पत्र रोज वाचतो आणि त्या पालथं पडण्याच्या ओळीशी थांबतो. म्हणून नळाचं काय झालं ते सगळं लिहिते. मला त्यातलं निम्मं कळलेलं नाही. तुम्हाला कळलं तर कळवा.

आमच्या गल्लीत पंचेचाळीस घरं आणि नळ एक. पाणी सकाळी सहा ते साडेसात. नळाची चावी ज्याच्याकडे तो प्रमुख, आणि नंबर कुठून लावायचा ते प्रमुख ठरवतो. गल्लीच्या वरच्या अंगाला परभणी-नांदेडकडची अठरा घरं, खालच्या अंगाला आपली खानदेशची सत्तावीस, आणि सगळ्यात खाली मी. होळीनंतर ठरलं की प्रमुखाची निवडणूक घ्यायची, घरटी एक मत. (इथं निवडणुकीला चूंटणी म्हणतात आणि चिमट्याला चूंटी. मला अजून दोन्हीत फरक सापडलेला नाही.) आपली सत्तावीस घरं, म्हणजे आपला माणूस येणार हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. पण आपल्यातून दोघं उभे राहिले. एक शिरपूरकडचा भटू, लूमवर फिटर आहे तो, आणि दुसरा साक्रीकडचा हिलाल. दोघांचं वाकडं कशावरून, तर वांग्याच्या भरतात कांद्याची पात घालायची की नाही यावरून. भटूला चौदा मतं पडली, हिलालला तेरा, आणि वरच्या अंगाच्या काशिनाथ गवंड्याला त्याची अठरा. झाला काशिनाथ प्रमुख! सत्तावीस घरांना नको असलेला माणूस सत्तावीस घरांच्या डोक्यावर बसला. मी भटूला म्हटलं, आता पात खा. तर तो म्हणे, "काकू, तुमले हसू येस ना? पाणी बंद व्हई तवय हसज्यात!"

आणि झालंही तसंच. काशिनाथ माणूस वाईट नाही, पण त्यानं नंबर वरून लावला तो लावलाच. आमच्यापर्यंत येता येता नळ नुसता खोकायचा, अगदी व्याहीबुवांसारखा. तेव्हाच मी तुम्हाला ते रडगाणं लिहिलं आणि तेव्हाच तुम्ही धनश्रीला अडकवून ठेवली. काशिनाथला विचारायला गेले तर तो म्हणाला, "मावशी, म्या जिंकलो का न्हाई? मग?" जिंकला होता हे खरंच होतं.

मग आले दीपक मास्तर. इथल्या मराठी शाळेत शिकवतात, आमच्याच गल्लीत राहतात, आणि चष्मा पुसल्याशिवाय बोलत नाहीत. त्यांनी ओट्यावर सगळ्यांना बसवलं आणि सांगितलं की बाहेरच्या कितीतरी देशांत एकाच्या हातात सगळं देत नाहीत, मतांच्या प्रमाणात वाटणी करतात. मी विचारलं, प्रमाणात म्हणजे भाजीतल्या मिठासारखं का? मास्तर म्हणाले, हो, तसंच समजा. ते समजलं. पुढचं नाही समजलं. नऊ जणांची कमिटी, पाच मतांना एक माणूस, आणि मत माणसाला द्यायचं नाही, यादीला द्यायचं. प्रत्येक बाजूनं रविवारी आपली यादी आणायची. काशिनाथही हो म्हणाला, आपण परत जिंकणारच असं धरून.

आता विहीणबाई, तुम्हीच सांगा, यादी म्हटल्यावर आपल्या डोक्यात काय येतं? योगराज-धनश्रीची यादी आपण दोघींनी समोरासमोर बसून केली होती, कुणी काय द्यायचं, कुणाचा मान कसा करायचा, सुपारी फोडून सह्या. (त्यात वऱ्हाडाला आंघोळीला गरम पाणी लिहिलं होतं. तुम्ही कोमट दिलंत. मी काही बोलले नाही.) तर अख्ख्या गल्लीला तीच यादी ठाऊक! रविवारी भटू आणि हिलाल पात विसरून एक झाले आणि हळदीकुंकू लावलेली यादी घेऊन आले. पहिला नंबर खालून लागावा. काशिनाथनं चावी ताटात घालून, टॉवेल-टोपीसकट आणून द्यावी. वरच्यांच्या बायकांनी नळावर केस धुऊ नयेत. काशिनाथची यादी त्याच्याहून लांब, त्यात खानदेशवाल्यांनी दिलेल्या शिव्यांबद्दल मानाचा नारळ मागितलेला. मास्तरांनी चष्मा काढला तो पुसायचाही विसरले. म्हणाले, "अहो, माणसांची नावं! नऊ नावं लिहायची होती!" तेव्हा दोघांनी घाईघाईनं कागद उलटून पाठीमागे नावं लिहिली.

तिसरी यादी माझी होती. मला काही निवडून यायचं नव्हतं, गंमत करायची होती. कुणाच्या मानपानात पडण्यापेक्षा मी घरात पाण्याला लागतं तेवढं लिहून नेलं होतं. वर माझं नाव, मग हंडा, कळशी, घागर, पिंप, बादली, घमेलं, तांब्या आणि टमरेल. मास्तरांनी मोजलं तर बरोबर नऊ! म्हणाले, नियमात नऊ नावं म्हटलंय, माणसांचीच असं लिहायचं राहिलं. आणि घेतली की यादी! मतं मोजली तर भटू-हिलालच्या यादीला वीस, काशिनाथच्या यादीला वीस (आपल्यातली दोन घरं तिकडे फुटली, कोण ते भटू अजून शोधतोय), आणि मला पाच. एक माझं, बाकी चार कुणाची ते ठाऊक आहे, पण त्या बायांचे नवरे पत्रं फोडून वाचणारे आहेत म्हणून लिहीत नाही. म्हणजे कमिटीत भटू-हिलालचे चार, काशिनाथचे चार आणि मी एक. मास्तर म्हणाले, उषाबाई, नशीब समजा, तुम्हाला वीस मतं पडली असती तर हंडा, कळशी आणि घागर कमिटीत बसवावे लागले असते. मी म्हटलं, बसले असते तर काय बिघडलं असतं, भटूच्या यादीतला चौथा म्हणजे धुडकू नावाचा माणूस आहे, त्याच्यापेक्षा घागर जास्त बोलते.

आता प्रमुख करायला नवांतले पाच लागतात. चार इकडे, चार तिकडे, मध्ये मी. झालं ना माझं डोकं खराब! सकाळी भटू येतो, काकू काकू करत पिंप उचलून देतो. संध्याकाळी काशिनाथ येतो, माझ्या मोरीची फुटलेली फरशी त्यानं न सांगता बसवून दिली. ज्या बाईला गल्लीत कुणी बस म्हणत नव्हतं तिला आता दोन्हीकडून खुर्ची मिळते. मी मास्तरांना विचारलं, मास्तर, आधी अठरा घरं सत्तावीस घरांवर राज्य करत होती, तो अन्याय म्हणून तुम्ही हे आणलं, आणि आता पाच घरं चाळीस घरांना नाचवतायत, हा न्याय कसा? मास्तर म्हणाले, पण आता प्रत्येकाचं मत मोजलं तर गेलं ना. हेही खरं. मग म्हणाले, दिल्लीतही आत्ता तेरा दिवसांत सरकार पडलं, कुणाकडेच पुरेशी माणसं जमेनात. मी विचारलं, दिल्लीत याद्या होत्या का? नाही म्हणाले, तिकडे आपली जुनीच पद्धत. म्हणजे जुन्यानंही अडतं आणि नव्यानंही अडतं. आमच्या गावच्या शाळेत चौथीपर्यंत यातलं काही शिकवलं नव्हतं. मी सगळ्यांना एकच सांगते, बाबांनो, मला विचार करू द्या, बाईमाणूस आहे, मला कळत नाही. आज तीन आठवडे झाले, मी विचार करतेय.

बाकी सगळं ठीक. लेकीची घाई करू नका, राहू द्या तिला माहेरी. व्याहीबुवांना नमस्कार, त्यांना म्हणावं आल्याचा काढा घ्या.

तुमची गरीब, गोंधळलेली विहीण,
उषाबाई

ता.क. पत्र चिकटवत होते तेव्हा योगराज म्हणाला, आई, पाणी येतं की नाही तेच लिहिलं नाहीस. ते राहिलं. येतं. प्रमुख ठरत नाही म्हणून चावी मास्तरांच्या खिशात आहे, आणि त्यांना कुणाला दुखवायचं नसतं म्हणून ते एक दिवस वरून नंबर लावतात, एक दिवस खालून, आणि घरटी चार हंडे झाले की पुढच्याला बोलावतात. तीन आठवडे सगळ्या गल्लीला पाणी पुरतंय. मला रोज चार हंडे मिळतात. मी आज कुणालाही मत दिलं तर उद्या हे बंद पडेल, म्हणून मला कळत नाही. हे मास्तरांना कळवू नका.

दुसरं ता.क. खोटं कशाला बोलू, लेकीची घाई करा. भटूला आणि काशिनाथला मी सांगून ठेवलंय की माझ्या घरचं माणूस माझी सून, तिला विचारल्याशिवाय मी मत देणार नाही, आणि ती बाळाला घेऊन येईल तेव्हाच विचारीन. तेव्हापासून दोघं रोज दारात येऊन विचारतात, सूनबाई कधी येणार. हिलाल तर उधना स्टेशनवर जाऊन भुसावळकडच्या गाड्यांचा टाइम लिहून आलाय. या गल्लीचं आजवर कशावर एकमत झालं नव्हतं. आता पंचेचाळीसच्या पंचेचाळीस घरं म्हणतात, तिला पाठवा.

तिसरं ता.क. शनिवारच्या पॅसेंजरनं बसवा. स्टेशनवर दोन्ही पार्ट्या येतील, बाळाला घ्यायला दोघंही हात पुढे करतील. धनश्रीला बजावून सांगा, कुणाकडे द्यायची नाही, सरळ माझ्याकडे. याला मतदान नाही.