सर्व्हर कुठे ठेवायचा?

प्रिय धाकट्या,

बाबांच्या शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानासाठी तू जी साइट बनवली होतीस, तिला जागा देणारी कंपनी बंद पडतेय. म्हणून मी नवी शोधत बसले होते. मला यातलं ओ की ठो कळत नाही, हे तुला माहीतच आहे. तुझी भाची मदतीला होती. ती म्हणाली, आई, चारचौघांच्या साइट्सबरोबर दाटीवाटीने राहण्यापेक्षा व्हीपीएस घे, म्हणजे मोठ्या सर्व्हरमधला आपला वेगळा कप्पा. बॅकअप रोज घेतात का, बिघडलं तर कुणी फोन उचलतं का, सगळं तिने पाहिलं. मग विचारलं, सर्व्हर कुठल्या देशात ठेवू? साइट बघणारी माणसं जिथे असतील त्याच्या जवळ ठेवला की पटकन उघडते म्हणे.

तू घर सोडून गेलास तेव्हा चिठ्ठी नाही, फोन नाही. पण मशीन दुरुस्तीचं बाबा सांगायचे ते मी साइटवर टाकायचे, आणि त्यातल्या चुका आपोआप दुरुस्त व्हायला लागल्या. बॉबिन उलटी बसवायला लिहिलं, की दुसऱ्या दिवशी सुलटी झालेली. बाबा चहा ढवळत म्हणायचे, कार्टं जिवंत आहे. पुढे ते थांबलं. मग मी मुद्दाम चुका केल्या. एका गिऱ्हाइकाने त्यापायी सुई मोडली आणि मला फोनवर झापलं. तू काही आला नाहीस. पोलिसांनीही हात टेकले.

भाची म्हणाली, मामाचं जुनं लॉगिन आता काढून टाकू, उघडं ठेवणं धोक्याचं. मी नको म्हटलं. तिने वाद घातला नाही. देश तिलाच निवडायला सांगितला. तुझ्यापासून जवळ काय आणि लांब काय, मला कुठे ठाऊक आहे?

धाकट्या, बाबा गेले. शेवटी त्यांना माणसं ओळखू येत नव्हती, तरी मी कॉम्प्युटरपाशी बसले की विचारायचे, काही बदललंय का? मी नाही म्हणायचे. खोटं बोलायला काय झालं होतं, असं आता सगळे म्हणतात. माझ्याने झालं नाही. दुकान बंद आहे, साइटची तशी कुणालाच गरज उरलेली नाही. पण तुझा पत्ता माझ्याकडे नाही, म्हणून हे पत्र नव्या सर्व्हरवर तुझ्या लॉगिनखाली ठेवतेय. तू वाचशील असं वाटत नाही. ही बातमी तुला घरच्याच माणसाने सांगायला हवी, एवढंच.

तुझीच,
ताई