दारावरचा हात

१४ मार्च

प्रिय ताई,

तुझं पत्र पोचलं. मी ठणठणीत आहे. खोकला आहे, पण तो आता जुना भाडेकरू झालाय, जायचं नाव घेत नाही. आईचे गुडघे कसे आहेत? तुझी बोलणी खाऊन का होईना, औषध घेते ना?

आता आईसाठी करतेय त्या चित्राचं. आपला घरासमोरचा जुना फोटो कॅनव्हासवर मोठा छापून घेतला. छपाईवाला म्हणाला, "बाई, आधी वार्निशचे दोन हात मारा. शाई कच्ची असते, ओल लागली की वर येते."

"मला शिकवू नका. वीस वर्षं हेच करतेय."

"मग एखादी चूक व्हायची वेळ झालीच की," म्हणाला आणि हसला.

मी वार्निश मारलं नाही. तुझी घाई होती. नाही, तुझ्यावर ढकलत नाही. घाई मला होती. खिडकीवर आपल्या पडद्याचा खरा तुकडा चिकटवला, पायऱ्यांना वाळू लावली. सुरेख जमलं. राहिला दादा, उघड्या दारात, चौकटीवर हात ठेवून. तू फोनवर बजावलं होतंस, "त्याला झाकून टाक गं. फोटोत दिसला तर आई जेवायची नाही." म्हणून त्याच्यावर मी दार रंगवलं. पांढरं. बंद.

दुसऱ्या सकाळी दारावर तांबूस डाग, बरोबर कपाळाच्या उंचीवर. पुन्हा पांढरा दिला. खांदा आला. तिसऱ्या हातानंतर डोळ्यांच्या जागी दोन खळगे. शाई आहे, ओल आहे, कारण मला ठाऊक आहे. तरी चार दिवस मी त्या चित्राकडे पाठ करून बसू शकलेले नाही.

वर्गात घसा फोडून सांगते मी: झाकणं म्हणजे कला नव्हे! खाली जे आहे त्याला उत्तर द्या! आणि स्वतः? पांढऱ्याचे पाच हात!

ताई, तो आला होता.

बाबांनी घालवून दिल्यावर दोन वर्षांनी. तू सासरी, आई बाबांना घेऊन दवाखान्यात. भर दुपारी दार वाजलं. केवढा वाळला होता! चौकटीवर हात ठेवून म्हणाला, "चिऊ, आई आहे?"

मी म्हटलं, "तुला इथे आई नाही." आणि दार लावलं. बोटं काढून घेईल इतक्या सावकाश. तेवढी दया केली. बाबांची बाजू घेतली म्हणून छाती फुगली होती माझी. दाराखालच्या फटीतून त्याच्या पायांची सावली दिसत होती. बराच वेळ होती.

आईला सांगितलं, कोणी आलं नव्हतं. नंतर तो कुठे गेला, कुणालाच कळलं नाही. सतरा वर्षं ती म्हणते, "एकदा तरी आला असता गं." आणि मी मान डोलावते.

काल सुरीने दार खरवडलं. मला तो परत हवा होता. पण शाई रंगात मुरली होती. चेहरा रंगाबरोबरच निघून गेला. चौकटीवरचा हात तेवढा राहिला. त्याच्यावर मात्र वार्निशचे दोन हात दिले.

चित्र उद्या पाठवते. आईला ते दाखवायच्या आधी हे पत्र वाचून दाखव. मोठ्याने, एक ओळही न गाळता. मग ती मला घरात घेणार नसेल, तर तसं कळव. मी दाराबाहेर उभी राहायला येईन.

जिने दार लावलं ती,
चिऊ