चकतीतला वायू

सोमवार, ३ नोव्हेंबर

तपासनिसाने रोज लिहायचे असा संस्थेचा नियम आहे, म्हणून लिहिते. एरवी मी रोजनिशीच्या वाटेला गेले नसते. निवृत्तीनंतर सात वर्षांनी पुन्हा पदार्थविज्ञान! इंदिरानगरची खोली हवेशीर, चहा बरा. जवळच्या ताऱ्यांभोवती धुळीच्या चकत्या आहेत. धूळ म्हणजे एकमेकांवर आपटून पीठ झालेले गोळे. दुर्बिणीच्या आलेखात ठरावीक जागी उंचवटा दिसला तर तिथे वायूही आहे, म्हणजे भरडणे अजून चालू आहे. आलेख बघून नोंदीत 'आहे' किंवा 'नाही' लिहायचे, एवढेच काम. शेजारच्या टेबलावर पूजा, माझी जुनी विद्यार्थिनी. म्हणाली, बाई, आता ताऱ्यांना उठाबशा काढायला लावणार का?

मंगळवार, ४

आधीचे तपासनीस भिमाजी, पेठ तालुक्यातले. तीन आलेखांच्या नोंदीत त्यांनी नुसते 'हाय' लिहिले आहे. संस्थेच्या कागदावर गावठी भाषा! मी तिन्ही खोडून 'आहे' केले, सही केली. आलेख उघडले नाहीत. पडताळणीला पूजाकडे दिले.

गुरुवार, ६

पूजाने पहिला आलेख उघडला. उंचवट्यावर नजर गेली आणि तिची करंगळी आतून चुरडली, खडू चुरडावा तशी. रक्त नाही. राखाडी पीठ. डॉक्टर म्हणाले, दारात सापडली असेल. मी शेजारी बसले होते.

शुक्रवार, ७

झाडणाऱ्या लंकाबाईंना भिमाजींबद्दल विचारले. म्हणाल्या, पेठचे असून लय शुद्ध बोलायचे, आम्हालाच टोकायचे, 'हाय' नाय, 'आहे' म्हणा.

मग तो शब्द म्हणजे उत्तर नव्हते. ते ओरडणे होते.

भिमाजी आता कुठे असतात, विचारले. लंकाबाई हातातल्या केराच्या सुपलीकडे बघत राहिल्या.

शनिवार, ८

पूजाला फोन केला, पुढचे उघडू नकोस. हसली. म्हणाली, बाई, तुमच्या सहीनिशी 'आहे' लिहिलंय, भिता कशाला? घरूनच बघते, एका हाताने.

रिक्षा केली. दार उघडे. तिचे कोपर गेले होते. मग खांदा— खुर्ची घालून संगणकाचा पडदा फोडला. थांबेना. दाढा कडाकडा— डोळे माझ्यावर, शेवटपर्यंत—

माझी सही. माझी—

सोमवार, १०

पूजाचा भाऊ ललित यास सुपूर्द: चष्मा एक. घड्याळ एक, चालू. ओढणी एक. कापडी पिशवी एक, तोंड बांधलेली.

ललितने पिशवीला हात लावला, आतले पीठ हलले आणि त्याने हात झटकन मागे घेतला. त्याला बजावले, गाठ सोडू नकोस, आत ती अजून—