विषय : तळघर खुले करणेबाबत

१२ जानेवारी, रविवार
आज इतिहास घडला. देवळातल्या तेलाच्या खोलीत पोत्यांच्या आड एक दार सापडलं, कुलूप नुसतंच अडकवलेलं. खाली सोळा पायऱ्या. तळाशी चौकोनी खोली, चार कोरीव खांब, भिंतीवर नर्तकी. सातआठशे वर्षांचं काम असावं. चिखलीपासून अर्ध्या तासावर असा ठेवा, आणि कोणाला पत्ता नाही. पंचायत समितीत एकतीस वर्षं कारकुनी केली, रिटायर होऊन देवस्थानचा सचिव झालो, ते बहुधा याच दिवसासाठी.
संकल्प : महाशिवरात्रीच्या आत तळघर पर्यटकांसाठी खुलं करणे.
ता. क. खोली अगदी स्वच्छ आहे. हेमाडपंती बांधकामाचा गुण.

१४ जानेवारी
देऊळ झाडणाऱ्या झुंबरबाईला बातमी दिली. तिला आनंद झाला नाही. म्हणाली, "साहेब, ते दार तसंच राहू द्या. बाया जातात तिथं." कशाला, विचारलं. "बसतात. कोणी रडते, कोणी नाही." तिच्या सासूच्या सासूपासून चालू आहे म्हणे. म्हणजे शोध माझाच, फक्त त्यांना आधीपासून माहीत होता.
रडायला बायकांना घरं आहेत. किल्ली मागितली. पदराची गाठ सोडून तिनं दिली. जरा वाईट वाटलं. विकासकामात असं होतंच.

२१ जानेवारी
गणेश इलेक्ट्रिशियननं चार फोकस बसवले. कोनाड्यात सामान निघालं. रीतसर पंचनामा केला : चटया दोन, तांब्या एक, फणी एक, लहान मुलाचं झबलं एक, पिवळं, धुऊन घडी घातलेलं. सगळं पिशवीत भरून तेलाच्या खोलीत खुंटीला टांगलं. दुसऱ्या कोणी फेकून दिलं असतं.

२९ जानेवारी
गावाच्या ग्रुपवर फोटो टाकले. त्रेचाळीस अंगठे. एकही बाईचा नाही. नेटवर्कचा प्रॉब्लेम असेल. दुपारी देवळात शुकशुकाट असतो. थंडी.

९ फेब्रुवारी
खुंटीवरची पिशवी बायकोनं, शकुंतलानं, घरी आणली. मी तिला समजावलं की ती देवस्थानची मालमत्ता आहे, पंचनाम्यात नोंद आहे. तिनं झबलं काढून माझ्यासमोर ठेवलं.
मग ओळखलं.
आमच्या मुलीच्या, राखीच्या, आधीचा मुलगा. नऊ महिन्यांचा होऊन गेला, एकोणनव्वदच्या मार्चमध्ये. मार्च एंडिंग होतं, मी तिसऱ्या दिवशी ऑफिसात हजर झालो. घरात रडारड नको, असं मीच तिला बजावलं होतं. धीर म्हणून. तेव्हापासून ती दुपारची देवळात जाते. मी समजत होतो हरिपाठाला.
उद्घाटन रद्द करावं असं वाटलं. पण पत्रिका वाटून झाल्यात.

१६ फेब्रुवारी, रविवार
उद्घाटन. अध्यक्ष भगवंतरावांनी फीत कापली. बावन्न लोक, सगळे पुरुष. माणशी दोन मिनिटं. एक जण वर येऊन म्हणाला, "एवढुशीच खोली व्हय?" माझं भाषण चांगलं चाललं होतं. 'इतकी वर्षं या खोलीत' इथपर्यंत आलो आणि थांबलो. घसा कोरडा पडला असं सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.
शकुंतला आली नाही. गुडघे दुखतात तिचे.

२ मार्च
आजवरचे पर्यटक : तिघे. कॉलेजची पोरं, रील काढून गेली. प्रसिद्धी कमी पडली.
शकुंतला तूर निवडत बसली होती. सहज विचारलं, घर अख्खं मोकळं असताना सोळा पायऱ्या उतरून अंधारात कशाला जायची? तिनं मान वर केली नाही. म्हणाली, "घरी तुमी असता."

५ मार्च
फोकस काढले. पाटी काढली. तळघर पूर्ववत बंद करत असल्याचं सांगून झुंबरबाईला किल्ली द्यायला गेलो. तिनं घेतली नाही. "आता काय करू तिचं? साऱ्या गावाले मालूम झालं." बाया मग आता कुठं बसतात, विचारलं. म्हणाली, "ते काऊन सांगू तुमाले?"
तसं तिचंही बरोबर आहे.

६ मार्च
उपाय सापडला. रोज दोन ते चार मी घराबाहेर. शकुंतलाला घर मोकळं. हे छत्तीस वर्षांपूर्वीच सुचायला हवं होतं, पण तेव्हा नोकरी होती. तिला सांगितलं. "बरं," म्हणाली.

११ मार्च
पाच दिवस एसटी स्टॉपवर बसतोय. ऊन आहे, पण समाधान आहे. एवढं तरी तिच्यासाठी केलं.
आज चष्मा विसरला म्हणून अडीचला घरी परतलो. दाराला कुलूप. शेजारची छकुली म्हणाली, "काकू त रोजच जाते ना, तुमी गेल्याबरोबर. साऱ्याजणी जातात." कुठं, ते विचारायला तोंड उघडलं होतं. मिटलं.
चार वाजेपर्यंत घराच्या पायरीवर बसलो.